खुनी सापडल्यावर

मास्तरीणबाई दर शनिवारी बायकांच्या तुरुंगात रहस्यकथा वाचून दाखवत. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून विचारत, "सांगा, खून कुणी केला?" आता या विषयातल्या एवढ्या जाणकार बायका समोर, पण उत्तर बरोबर येईल तर शपथ. प्रत्येकीला प्रत्येक संशयिताची कीव यायची. "स्वयंपाकीण? छे, तिच्या पदरात लेकरू आहे हो."

त्यांतली शिंपीण मात्र कुणाचंच नाव घ्यायची नाही. भांडणात तिनं जावेला इस्त्री फेकून मारली होती आणि जाऊ जिवानिशी गेली. मुलगी मावशीकडे वाढत होती. आई लांबच्या कारखान्यात आहे, असं तिला सांगितलेलं. पण शाळेत कुणाच्या तरी तोंडात तीळ भिजला नाही. आता मुलगी या रविवारी पहिल्यांदाच भेटायला येणार होती, आणि तिला काय सांगायचं याची शिंपिणीला धास्ती होती.

त्या शनिवारी खुनी निघाली ती स्वयंपाकीणच. बेड्या पडल्या, पुस्तक संपलं.

"तिच्या लेकराचं काय झालं, बाई?" शिंपिणीनं विचारलं.

बाईंनी मागचं पान पाहिलं. "काही लिहिलेलं नाही गं."

"लिहिणारा सुटला," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. "खुनी सापडला की त्याचं संपतं. आपलं तिथून सुरू होतं."

मग सगळ्याजणी त्या लेकराच्या मागे लागल्या. कुणी त्याला शाळेत घातलं, कुणी त्याचं लग्न लावलं, एकीनं तर थेट न्यायाधीश करून टाकलं. शिंपीण हसली आणि हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी मुलगी टेबलापलीकडे मान खाली घालून बसली. रात्रभर घोकलेलं सगळं शिंपीण विसरली.

"एक गोष्ट सांगू?" ती म्हणाली. "एक बाई होती. हातात कला होती, पण राग नाकावर." तिनं काही लपवलं नाही. इस्त्री सांगितली, जाऊ कशी पडली तेही सांगितलं. "चूक त्या बाईचीच होती. तिला एक मुलगी होती. पुढचं मला येत नाही."

मुलगी नखानं टेबल खरवडू लागली.

"ती मुलगी खूप रागावली," ती म्हणाली. "मावशीशीपण बोलली नाही. मग रागावलेलीच भेटायला आली."

"आली ना?"

"हो. पण तिला तिची काकूपण हवी होती."

इतक्या पुस्तकांत मेलेल्या माणसाबद्दल हे कुणीच म्हटलं नव्हतं. शिंपिणीनं ते इवलेसे हात आपल्या हातांत घेतले. "माहीत आहे, बाळा," ती म्हणाली, आणि मुलीनं हात काढून घेतले नाहीत.