फुलीची बाजू

एकतीस वर्षं कोंबड्यांच्या हॅचरीत काढलेल्या माणसाला अंडं कसं सांभाळायचं ते कोण शिकवणार? बायको गेल्यावर स्वयंपाकघरातली उबवणीची पेटी त्याने कुणाला न विचारता आपल्याकडे घेतली.

पेटी तिची. पाळलेली ठिपक्यांची पालही तिचीच. तिला ती आत्याबाई म्हणायची. "भिंतीवरच्या पालीला झाडू आणि हिला काचेचं घर," असं तो म्हणाला की ती म्हणे, "अहो, भिंतीवरची न विचारता येते." बायको दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आत्याबाईने दोन अंडी घातली. तिने ती डब्यातल्या ओल्या कोकोपीटमध्ये अर्धी पुरली, दोन्हींवर पेन्सिलीने फुली केली आणि डबा पेटीत ठेवला. मग ती घरी आलीच नाही.

फुली बघून त्याला बरं वाटलं होतं. हाताने उबवणारे असंच करतात. सकाळी फुली खाली, संध्याकाळी वर. फिरवलं नाही तर पिल्लू कवचाला चिकटतं. पाच दिवस त्याने अंडी वेळेवर फिरवली. वेळेवर होणारं घरात तेवढंच उरलं होतं. भांडी तशीच, दाढी तशीच.

सहाव्या दिवशी दुपारी मुलगी आली. भांडी घासता घासता तिने पेटीत डोकावलं.

"बाबा, आईच्या फुल्या पुसल्या का?"

"खाली आहेत. सकाळी खालीच असतात."

तिने नळ बंद केला. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"काय झालं?"

"ही फिरवायची नसतात, बाबा. चुकून हललीच तर वरची बाजू कळावी म्हणून आई फुली करायची. फिरवलं की पिल्लू आत गुदमरतं."

तो स्टुलावर बसला. "मला वाटलं, तिने माझ्यासाठी खूण केली."

मुलीने खिडकीचा पडदा ओढला आणि त्याच्या हातात बॅटरी दिली.

हॅचरीत तो उजेडावर अंडी बघायचा. मेलेलं दिसलं की बादलीत, तेही शेजारी काम करणाऱ्याशी गप्पा मारत. आज त्याने अंडं उचललं नाही. बॅटरी अंड्याच्या कडेला टेकवली. पहिलं आतून नुसतंच पिवळं. दुसऱ्यात एक लाल शीर, दोऱ्याएवढी. तो कितीतरी वेळ वाकून राहिला. कंबर दुखायला लागली.

"एक आहे," तो म्हणाला.

"आणि ते?"

"त्याचं आत्ताच सांगता येत नाही."

हॅचरीत त्याच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

"आता फुली वर करायची की राहू द्यायचं असंच?"

"मला नाही माहीत, बाबा. आईला माहीत असतं."

त्याने दोन्ही अंडी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवली, तिने ठेवली होती तशी. फुल्या वर आल्या. झाकण लावलं.

संध्याकाळी मुलगी गेली. ठरल्या वेळेला त्याचा हात आपोआप झाकणावर गेला. त्याने तो मागे घेतला. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तो मुलीने अर्धवट सोडलेली भांडी घासायला लागला.