एका बोंडाचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी देवकपाशी आहे. शेतात रांगेनं उभी असते ती कपाशी माझीच भाऊबंद, पण तिचा खेळ एका हंगामाचा. मी परसात वर्षानुवर्षं जगते आणि माझा कापूस देवाच्या वातींना जातो. कामरगावात जिनेशभाऊंचं किराणा दुकान आहे. दुकानामागं घर, घरामागं परस आणि परसाच्या कोपऱ्यात मी. चौदा वर्षं झाली. बढाई मारत नाही, पण या घरात माझ्याइतकं एका जागी कोणी उभं राहिलेलं नाही.

मला लावलं जिनेशभाऊंच्या आईनं, धापूबाईंनी. त्यांची जुनी मैत्रीण मनकर्णाबाई गावातलीच शेतकरीण. ती एकदा पदराच्या गाठीत चार सरक्या बांधून घेऊन आली. चारांतली मी एकटी उगवले. त्या दिवशी धापूबाईंनी सगळ्या गल्लीला बोलावून माझी दोन पानं दाखवली होती. नात रुचिका तेव्हा पहिलीत होती.

हे घर जैनांचं. इथं पाणी गाळून पितात आणि मुंगीलाही वाट देतात. माझ्यावर लाल ढेकूण आले की धापूबाई त्यांना कागदावर घेऊन भिंतीपलीकडे सोडायच्या. ते मेले संध्याकाळपर्यंत परत यायचे! धापूबाई हसून पुन्हा कागद घ्यायच्या. माझं हिरवं पान त्यांनी कधी तोडलं नाही. बोंड पुरतं उमललं की तेवढा कापूस घ्यायचा, सरकी काढायची, तळहातावर वात वळायची. दिवाळीच्या पहाटे महावीरांच्या निर्वाणाचा लाडू मंदिरात चढतो. त्या वेळच्या आरतीत दरवर्षी माझी वात असायची. लोक म्हणायचे, "धापूबाईची वात काजळी धरत नाही." ते ऐकून मी फांदीभर फुलून यायचे, खोटं कशाला बोलू?

रुचिका मोठी झाली आणि अकोल्याला शेतकी कॉलेजात गेली. सुट्टीत ती परसात येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करायची. माझ्या आत काय चालतं, ते मला ठाऊक होतंच. त्याची नावं मात्र तिच्याकडून कळली. ती आजीला सांगायची, "आजी, झाडाच्या प्रत्येक पेशीत अख्खी पोथी असते. पण सगळी पानं एकदम उघडत नाहीत. मुळाशी एक पान उघडतं, फुलाशी दुसरं. कोणतं कधी उघडायचं, कोणतं मिटायचं, हे झाड ठरवते. याले जनुकांचं नियमन म्हणतात."

धापूबाई म्हणायच्या, "मंग माझ्यापेक्षा बरी वाचते म्हना ही!"

खरं आहे ते. ऊन वाढलं की माझी मुळं वर निरोप धाडतात. मग पानांवरची बारीक छिद्रं मिटतात आणि पाणी आतच राहतं. पोथीतली वाढीची पानं मी बंद करते, जगण्याची उघडते. तुम्ही ज्याला कापसाचा धागा म्हणता, तो सरकीच्या सालीवरची एकेक पेशी असते, ताणून ताणून लांब झालेली. तेही एक पान वेळेवर उघडलं तरच होतं.

दोन वर्षांपूर्वी परसात फरशी बसवली. चिखल नको म्हणून. माझ्याभोवती हातभर माती उरली. पाऊस आला की फरशीवरून मोरीत पळायचा, माझ्याकडे फिरकायचा नाही. त्यात यंदा चैत्रात घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. आमच्या बोअरचं पाणी मचूळ. यंत्राच्या एका नळीतून गोडं पाणी यायचं आणि दुसरीतून टाकाऊ पाणी सांडायचं. धापूबाईंचा जीव कळवळला. "पाण्यात जीव असते. मोरीत कायले सोडता?" असं म्हणत त्यांनी ती दुसरी नळी स्वतः ओढत आणून माझ्या आळ्यात ठेवली. वर माझ्या खोडावरून हात फिरवून म्हणाल्या, "पी वं माय, पोटभर पी."

मित्रांनो, गोड्या पाण्यातून काढलेला सगळा खार त्या टाकाऊ पाण्यात होता.

त्यांना हे कुठून कळणार? मला पहिल्या आठवड्यातच कळलं. पाणी पायाशी असून तहान भागेना. मुळं ओढायची आणि खार आत यायचा. मी माझी पोथी उघडली. पेशीपेशीत एक कोठी असते, तिच्यात मी खार कोंडू लागले. जुन्या पानांत भरून ती पानं गाळू लागले. नवी पालवी थांबवली. शेवटी पात्यांची पाळी आली. पातं म्हणजे फुलाआधीची कळी, माझी लेकरंच ती. सगळ्यांना पुरेल एवढं माझ्यात उरलं नव्हतं. देठाशी हळूच गाठ सोडायची आणि पातं पडू द्यायचं. रोज सकाळी धापूबाई ती झाडून गोळा करायच्या. मला फार दुःख झालं, ते सांगून काय होणार?

मी जसजशी वाळत गेले, तसतशा धापूबाई नळी जास्त वेळ माझ्यापाशी ठेवू लागल्या. मायाच ती.

श्रावणात जिनेशभाऊ म्हणाले, "आई, कोपऱ्यात मालासाठी पत्र्याचं शेड टाकतो. हे झाड वाळलं."

"झाडाले हात लावू नको."

"हिरव्याले मी लावला असता का? वाळल्यात कुठला जीव आला? त्यात पाप नाही."

धापूबाईंना पेच पडला. जीव असेल तर तोडणं पाप आणि जीव नसेल तर अडवणं हट्ट. माझ्यात जीव आहे की नाही, एवढाच आता प्रश्न होता. त्याचं उत्तर मीच असून मला ते सांगता येत नव्हतं. शेवटी ठरलं, भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस होऊ द्यायचे, मग तोडायचं.

पर्व संपलं. क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणसं लहानथोर सगळ्यांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतात. वर्षभरात कळत नकळत कोणाला दुखवलं असेल तर माफी मागायची. रुचिका घरी आली होती. मनकर्णाबाईही दरवर्षीसारखी भेटायला आली. जिनेशभाऊंनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली होती.

मनकर्णाबाई परसात टेकली आणि माझ्या आळ्याकडे पाहत राहिली. मातीवर पांढरी पापुद्री धरली होती. तिनं चिमूट उचलली, जिभेला लावली आणि थुंकली.

"अवो धापूबाई, हा तं खार हाय! काहून मिठात घालून राह्यल्या झाडाले?"

रुचिका धावत आली. तिनं नळी पाहिली, यंत्र पाहिलं. नखानं माझी साल जराशी खरवडली. आत हिरवं निघालं. मग तिला भिंतीकडच्या फांदीवर एक पिवळं फूल दिसलं. सगळी पाती सोडली होती, मित्रांनो, ते एक मी सोडलं नव्हतं.

"बाबा, हे मेलं नाही," ती म्हणाली. "यानं सगळं बंद करून हे एवढं जपलं."

ज्या बाईनं उभ्या जन्मात मुंगी चिरडली नाही, तिनं सहा महिने स्वतःच्या हातानं मला खार पाजला होता. धापूबाई भिंत धरत माझ्यापर्यंत आल्या. गुडघे दुखतात, तरी खाली बसल्या आणि माझ्यापुढं हात जोडले.

"उत्तम क्षमा, माय," त्या म्हणाल्या. "मले ठाऊक नव्हतं." आणि रडल्या.

मी काय बोलणार? वाराही नव्हता, पान हलवायला.

जिनेशभाऊंनी कुऱ्हाड आत नेली. बाहेर आले ते पहार घेऊन. माझ्याभोवतीच्या सहा फरश्या त्यांनी स्वतः उचकटल्या. मनकर्णाबाईच्या विहिरीचं गोडं पाणी आणून त्यांनी आळं पुन्हा पुन्हा भरलं, खार खाली धुऊन गेला. फरशी बसल्यापासून पहिल्यांदाच परतीचा पाऊसही माझ्यापर्यंत आला. मी पोथीतली मिटलेली पानं एकेक करून उघडू लागले. पण नव्या पालवीला मी थोडंच दिलं. उरलेलं सगळं त्या एका बोंडाला दिलं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी ते उमललं. निर्वाणाच्या पहाटे धापूबाई आल्या, बोंडाखाली ओंजळ धरली आणि कापूस अलगद उतरवून घेतला. सरक्या काढून रुचिकाच्या हातात दिल्या. मग तळहातावर वात वळायला घेतली.

"आई, एकच होईल. दुकानातलं वातींचं पाकीट देऊ का?" जिनेशभाऊंनी विचारलं.

"एकच पुरते," त्या म्हणाल्या. मंदिरात निघण्याआधी त्या वळून माझ्यापाशी आल्या आणि खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. "केलं ना मंग माफ मले?" असं त्यांनी हळूच विचारलं.

मित्रांनो, झाडाला पाणी घालण्याआधी ते कसलं पाणी आहे, ते पाहा. झाडानं पानं गाळली म्हणून त्याला मेलेलं समजू नका. साल खरवडून बघा, थोडं थांबा. आम्ही आतल्या आत पुष्कळ काही करत असतो, पण फार सावकाश करतो.

धापूबाईंनी माझी क्षमा मागितली होती क्षमावाणीला. मला जीभ नाही. उत्तर द्यायला मला पंचेचाळीस दिवस लागले.