आवाज घरी राहिला

चांगल्या चाललेल्या यंत्राला हात लावायची तुरग्रिमला जुनी खोड होती. बासष्टी उलटली तरी ती गेली नव्हती.

इस्टरच्या रविवारी सकाळी डोंगरातल्या केबिनच्या खिडकीशी तो त्याचं लाडकं डबडं मांडीवर घेऊन बसला होता. डबडं म्हणजे वहीएवढा, वजनाला पावाच्या लादीएवढा जुना लॅपटॉप. त्यात चित्रं नाहीत, खेळ नाहीत. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं, बस्स. त्यातूनच तो ट्रॉन्डहाइम शहरातल्या घराच्या तळघरातला सर्व्हर चालवायचा. घर इथून चार तासांवर, आणि त्याआधी गाडीपर्यंत सात किलोमीटर बर्फ.

त्या सर्व्हरमध्ये त्याच्या बायकोचा आवाज होता. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये सुन्निवाचा आवाज गेला. त्याआधी चाळीस संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून ती वाचत होती आणि हा रेकॉर्ड करत होता. आता ती टॅबलेटवर लिहायची, ते घरच्या सर्व्हरकडे जायचं आणि क्षणात टॅबलेटमधून तिच्याच आवाजात ऐकू यायचं. हेच काम करून देणारी कंपनी होती, पण तुरग्रिमने तिला दारातूनच परत पाठवलं. बायकोचा आवाज परक्याच्या घरी ठेवायचा? छे!

"आज तरी हात लावू नकोस," टॅबलेटमधून सुन्निवा म्हणाली. "एक वाजता आईचा फोन आहे."

"नुसतं बघतोय गं."

"तू नुसतं बघितलंस की काहीतरी मोडतं."

आई म्हणजे बोर्गहिल्ड, वय एक्याण्णव, वृद्धाश्रमात. तिची दृष्टी गेली होती. लेक तिला फक्त आवाजानेच ओळखू यायची. ऑपरेशनचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला, आणि नर्स हळूच म्हणाली होती, या रविवारचा फोन चुकवू नका.

तुरग्रिमने बघितलं. सगळं उत्तम होतं. आभाळ भरलेलं, छतावरच्या सौर पॅनेलला ऊन नाही, म्हणून केबिनच्या नियमाप्रमाणे वीज वाचवायला त्याने डबडं बंद करायचा हुकूम टाइप केला.

डबडं बंद झालं नाही. पडद्यावर एक ओळ आली: संपर्क तुटला.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. तो अजून घरच्या यंत्राच्या आतच होता. बाहेर न पडताच त्याने हुकूम सोडला होता, आणि तळघरातलं यंत्र आज्ञाधारकपणे झोपी गेलं होतं. इथला काळा पडदा आणि तिथला काळा पडदा, फरक कळायचा कसा? तिथलं बटण बोटानेच दाबावं लागणार होतं. लांबून उठवायची सोय त्यानेच बंद करून ठेवली होती. सुरक्षेसाठी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पावणेबारा वाजले होते. त्याने ट्रॉन्डहाइमच्या शेजाऱ्याला, कोरेला, फोन लावला. घराची किल्ली त्याच्याकडे असायची.

"कोरे, माझ्या तळघरात जाऊन एक बटण दाबशील?"

"अरे शहाण्या, मीही डोंगरातच आहे! इस्टरला ट्रॉन्डहाइमात चोर सोडून राहतं कोण? एखादा चोर गाठ, त्यालाच सांग."

"चेष्टा नको रे. सुन्निवाचा आवाज बंद पडलाय."

कोरेने चेष्टा सोडली. मग म्हणाला, "निघालो तरी तीन तास लागतील, मित्रा."

सुन्निवा समोर उभी होती. तिने टॅबलेटवर काही लिहिलं, बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. तिने पडदा त्याच्याकडे फिरवला: माझा आवाज घरी विसरून आलास?

तुरग्रिमला तिच्याकडे बघवेना. "मी बोलतो ना आईशी," तो म्हणाला. "तू स्कीइंगला गेलीस म्हणून सांगतो."

तिने ठाम मान हलवली. टॅबलेटमध्ये विकत घेतल्यापासून एक आवाज होता, स्वच्छ, गोड, कुणाचाच नसलेला. तिने तो चालू केला. एक वाजता फोन वाजला तेव्हा सकाळी खाल्लेल्या संत्र्यांच्या साली टेबलावर तशाच पडल्या होत्या आणि तुरग्रिमचे हात डबड्यावर होते, उगाचच.

"सुन्निवा? पोरी, तूच ना?" म्हातारीला धाप लागत होती.

"हो आई, मीच," गोड आवाज म्हणाला.

पलीकडे फोन कानाजवळ सरकवल्याची खरखर आली. मग बोर्गहिल्ड आदबीने म्हणाली, "तुम्ही कोण, बाई?"

"मी सुन्निवा. घसा बसलाय."

"नाही हो. माझ्या लेकीचा आवाज मला झोपेतही कळतो." ती खोकली. "केबिनवरच्या पाहुण्या असाल. तुम्ही चांगल्या आहात. तिला एक निरोप सांगाल?"

सुन्निवाची बोटं काचेवर थांबली. तुरग्रिमने तोंडावर हात दाबून धरला.

"सांगा," गोड आवाज म्हणाला.

"तिला म्हणावं, मी वाट बघितली. चिडले नाहीये. आणि केस ओले ठेवून बाहेर जाऊ नकोस म्हणावं."

सुन्निवाने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तिचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय.

"सांगते तिला," ती परकी बाई म्हणाली.