तोफेचा गार तळवा

मी एक जुना व्हॉलीबॉल आहे. कातडं सोललंय, रंग उडालाय. पण मित्रांनो, हवा भरली की अजूनही अंगात वारं शिरतं!

कारखान्यातून निघालो तो थेट शाळेच्या मैदानावर, तोफेच्या हातात. तोफ म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. ती उडी मारायची, हात डोक्यावर न्यायची आणि फाट्! मी पलीकडच्या कोपऱ्यात. टाळ्या तिला मिळायच्या, फुगायचो मी.

मग एका हंगामात तिचे फटके जाळ्यातच अडकू लागले. अंतिम सामना तोंडावर, आणि दोष कुणाला? मला!

“चेंडूच बसलाय मेला,” मुली म्हणाल्या.

खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. एरवी तिचा तळवा छान ऊन असायचा. डोक्यावरून माझ्यावर आदळताना मात्र बर्फ! मग ती हात पाठीमागे नेऊन हळूच झटकायची. सांगितलं तर संघातून काढतील, ही तिला धास्ती. मला तोंड असतं तर मैदान डोक्यावर घेतलं असतं!

शेवटी आमचे खेळाचे सर माझ्यात हवा भरायला बसले. पंप मारमार मारला, मी ढिम्म.

“सर, नळीवर तुमचाच पाय आहे!” तोफ खो खो हसली.

सरांनी पाय उचलला, हवा सूं करून आत शिरली. तिचं हसू मात्र विरलं. ती आपल्या हाताकडे बघत राहिली.

“सर, हात वर केला की माझंही असंच होतं. मुंग्या येतात, बोटं गार पडतात.”

“आणि हे आत्ता सांगतेस, बये?”

सर तिला तसेच दवाखान्यात घेऊन गेले. मी तिच्या काखेत. डॉक्टरबाईंनी मनगटाची नाडी धरून तिचा हात वर नेला. नाडी क्षीण झाली.

“मान आणि खांद्याच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत नसा आणि रक्तवाहिन्या चेपल्या जातायत, असं दिसतंय. तपासण्या करू, व्यायाम शिकवू. तोवर फटके बंद.”

“अहो, अंतिम सामना आहे!” तोफ कळवळली.

“हात हवा की कप?”

“दोन्ही.”

“मग आधी हात.”

सामना तिच्याविना झाला. आम्ही हरलो. मला मांडीवर घट्ट धरून ती बाकावरून संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडत होती. पुढे कितीतरी महिने नुसते व्यायाम. मी जाळीच्या पिशवीत लटकून वाट बघत होतो.

आणि एका सकाळी डॉक्टरबाईंनी होकार दिला! मला उंच उडवलं गेलं. “हळू गं, तोफे!” सर ओरडले. ती कसली ऐकतेय! उडी, हात वर, फाट्!

मित्रांनो, तळवा ऊन होता! ऊन! मी कुंपणापार गेलो आणि मला आणायला स्वतः सर धावले.

माझी हवा गेली तर पंप आहे. तुमच्या हाताला मुंग्या आल्या, बोटं गार पडली, तर लगेच मोठ्यांना सांगा. चेंडूला सगळं कळतं हो, पण चेंडूला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.