शेवटच्या रांगेतला हात

मी तुमच्या गावचं जुनं सभागृह बोलतोय. आजवर तुमचेच आवाज पोचवत आलो, आज थोडं माझं ऐका.

मला बांधलं तेव्हा गावात वीज नव्हती. गवंड्याने छताला असा बाक दिला, की मंचावर कुणी पुटपुटलं तरी मागे स्पष्ट ऐकू यावं. तेव्हापासूनची रीत आहे. कार्यक्रमाआधी दारवाले मामा शेवटच्या रांगेत बसतात. मंचावरून कुणीतरी साध्या आवाजात चार शब्द बोलतो. मामांनी हात वर केला, तरच पडदा उघडतो.

माझ्या मंचावर भाषणं गाजली, नाटकं पडली. पुरात दोनशे माणसं माझ्या खुर्च्यांवर झोपली. मग लोक घरच्या पडद्याला चिकटले आणि माझ्याकडे कबुतरं राहायला आली.

एके दिवशी नोटीस लागली: इमारत धोकादायक, पाडून वाहनतळ करणार. हरकती ऐकायला सभा ठेवली, तीही माझ्याच पोटात! एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा होती कुठे?

सगळं गाव आलं. नोटीस काढणारे साहेब मंचावर बसले होते. त्यांनी माईक बंद केला आणि ते शेजारच्या इंजिनिअरच्या कानाला लागले. "बोलू दे यांना तासभर. पाडायचं ते ठरलंय."

"पण साहेब, भिंती ठणठणीत आहेत हो. अहवालात खोटं लिहिलंय मी."

"हळू बोला!"

हळूच बोलत होते बिचारे. माझा गवंडी त्यांना ठाऊक नव्हता.

शेवटच्या रांगेत मामांचा हात वर गेला.

साहेबांनी माईक सुरू केला. "बोला मामा, काय हरकत आहे?"

"हरकत नाही साहेब. ऐकू आलं, एवढंच सांगतोय. भिंती ठणठणीत आहेत म्हणे."

मग बाल्कनीतून एक आजी कडाडल्या, "मी एका कानाने बहिरी, तरी मलाही आलं!"

हशा पिकला आणि बघता बघता सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. इंजिनिअरही उठला. माईक बाजूला सारून म्हणाला, "अहवाल मी बदलतो. खरा लिहितो."

शेवटपर्यंत ऐकू आलं. नोटीस त्याच संध्याकाळी फाडली गेली.

आता कबुतरांनी घर बदललंय, खुर्च्यांना नवं कापड आलंय. मागणं एकच आहे. मला नुसतं जपू नका, वापरा! या, मंचावर उभे राहा, साध्या आवाजात खरं बोला. मामा मागे बसलेच आहेत.