गस रसेलचं पडणं

गुलाम रसूल जन्मगावी, रोहिणखेडला, येऊन चार दिवस झाले, पण एका जागी धड बसला नव्हता. चहा अर्धा टाकून उठायचा, जुन्या मशिदीपर्यंत जाऊन यायचा, फोन बघायचा, पुन्हा निघायचा. वय एकसष्ट. नवव्या वर्षी आईबापांसोबत इंग्लंडला गेला आणि तिथल्या सिनेमात विनोदी कामं करून नावारूपाला आला. पडद्यावरचं नाव गस रसेल. सिनेमे चाळीसेक, आणि बहुतेकांत तो कुठून ना कुठून पडायचा.

त्याची फुफी, म्हणजे आत्या, सरवरी ऐंशीच्या पुढची. तिनं त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्या दुपारी तिची नात शाइस्ता हिनं फोनवर त्याचा सगळ्यात गाजलेला प्रसंग लावला. रंगारी झालेला तरुण गस शिडीवर चढतो, शिडी घसरते, रंगाच्या डब्यासकट तो फरशीवर आदळतो. उठायला जातो, पुन्हा आडवा होतो. शाइस्ताला हसू आवरेना.

सरवरी हसली नाही. "लागलं होतं काय रे तुले?"

पस्तीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"हाव, फुफी. शिडी खरंच घसरली होती. दोन बरगड्या मोडल्या. मले उठता येत नव्हतं, अन् लोकायले वाटलं अॅक्टिंग करून राह्यलो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सगळे हासून राह्यले होते. पुढच्या सिनेमात पडाले पुन्हा बोलावलं. नाही म्हणलो असतो तर कोण विचारत होतं मले?"

मग त्यानं उरलेलंही सांगून टाकलं. तोच सिनेमा आता नव्यानं निघणार होता. त्याला म्हाताऱ्या रंगाऱ्याचं काम देऊ केलं होतं, पण शिडी तशीच. पाठीचे मणके झिजलेत, पडायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण दोन वर्षं हाताला काम नव्हतं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

"तू पडल्याबिगर लोक हासत नाहीत काय?" सरवरीनं विचारलं.

"काय माहीत. कधी करून पाह्यलंच नाही."

तो तसाच उठला. मशिदीजवळ रेंज चांगली मिळायची. तिथून त्यानं लंडनला फोन लावला: काम करतो, पण शिडी नको. विचारून सांगतो, असं उत्तर आलं.

शुक्रवारी सकाळी निरोप आला. भूमिका दुसऱ्याला दिली होती, पस्तिशीतल्या एका नटाला, म्हाताऱ्याचा मेकअप करून. गुलाम रसूलनं दोनदा वाचलं आणि फोन बाजेवर फेकला.

"गेलं काम, फुफी."

"राग आला?"

"लय."

"त्या सिनेमावाल्यायचा?"

तो अंगणात दोन फेऱ्या मारून थांबला. "नाही. माहाच. हे मी बरगड्या मोडल्या तवाच बोलाले पायजे होतं."

सरवरीनं त्याची समजूत काढली नाही. जेवून घे, एवढंच म्हणाली. तो जेवला, आणि दुपारी स्वतःहून इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका छोट्या नाटकमंडळीला फोन केला. कुठलंही काम चालेल, म्हणाला, फक्त उभ्यानं करता यावं. सोमवारी वाचनाला या, बाकीचं नंतर बघू, असं ते म्हणाले.

त्यानं शाइस्ताला विमानाचं तिकीट बघायला सांगितलं आणि बॅग भरायला घेतली.