मधपाळाच्या कोटावरच्या माश्या

रविवारी सकाळी वाचनालयामागच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नसे. मधोमध एका खुर्चीच्या पाठीला मेलेल्या मधपाळाचा पांढरा कोट अडकवलेला आणि शेजारी कादंबरीकार, डोळे अर्धवट मिटून वाचत.

"मी मेलो, पण प्रेम मेलं नाही. रोज सांजावलं की मी उठतो, मेणाचा वास लागलेल्या हातांनी तुझ्या खिडकीची काच पुसतो..."

कादंबरी आपली नव्हेच, मधपाळ आपल्या हातून लिहवून घेतो, आपण नुसते कारकून, असं तो मान झुकवून सांगे. वाचन रंगात आलं की भिंतीपलीकडून मधमाश्या घोंघावत येत आणि नेमक्या त्या कोटाच्या कॉलरवर बसत. बघता बघता गळ्याशी माश्यांची दाट दाढी लोंबे.

"मधपाळ सही करायला आले," कादंबरीकार हळूच म्हणे. लोक हात जोडत. पाववाल्याने तर साखरेच्या आजाराच्या गोळ्या बंद करून दर रविवारी कोटाला हात लावायला सुरुवात केली होती.

पहिल्या ओळीत मधपाळाची बायको बसे. शिवणकाम करणारी, हिशेबी डोक्याची बाई. पहिले पाच रविवार ती नुसती बघत राहिली होती. सहाव्या प्रकरणात मात्र मेलेला मधपाळ म्हणाला, "त्या सकाळी तू रागाने म्हणालीस, आता घरी येऊच नकोस. मी कधीच माफ केलंय तुला."

त्या सकाळी ती खरंच तसं म्हणाली होती, आणि दुपारी मधपेट्यांजवळ तो छातीत कळ येऊन गेला होता. वर्षभर ते वाक्य तिला आतून कुरतडत होतं. त्या रात्री ती पहिल्यांदा शांत झोपली.

पुढे एका बुधवारी तिने कोट घरी आणला. अस्तर उसवलं होतं. धाकटी बहीण म्हणाली, "राहू दे ताई, मी शिवते." पण नवऱ्याचा कोट दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचा?

कॉलर उलटी केली तेव्हा आत एक चोरखिसा लागला, काडेपेटी मावेल एवढा. आत मेणाचे कण होते. ती टीप मात्र बघत राहिली. दर चौथा टाका दुहेरी. लहानपणी या खोडीवरून तिने बहिणीला किती वेळा रागे भरलं होतं.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. तिच्या नवऱ्याच्याच हाताखाली बहीण मधपेट्या सांभाळायला शिकली होती. भिंतीपलीकडच्या पेट्या आता तीच बघत होती. आणि त्या सकाळचं ते वाक्य तिने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, बहिणीला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. माफी तिच्या नवऱ्याने दिलीच नव्हती.

तिने अस्तर शिवलं, खिसा तसाच ठेवला आणि कोट परत दिला.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी अंगणात गेली. खुर्चीवरच्या कोटाच्या कॉलरमध्ये जाळीची इवलीशी डबी होती, आत जिवंत राणीमाशी. ती डबी तिने कोपऱ्यातल्या फरशी पुसायच्या बादलीच्या कडीला बांधली आणि येऊन पहिल्या ओळीत बसली.

वाचन रंगलं. माश्या आल्या. कोटाभोवती थोडा वेळ घिरट्या घातल्या आणि झुंडीने कोपऱ्यात गेल्या. बादलीला दाढी फुटली.

कादंबरीकाराचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

"मधपाळ बादलीत कसे गेले हो?" पाववाल्याने विचारलं.

"ते कुठेच गेले नाहीत आणि आलेही नाहीत," ती उठून म्हणाली. "राणी कोंडून जिथे ठेवाल तिथे तिच्या वासाने तिच्याच पेटीतल्या माश्या गोळा होतात. माझा नवरा पोळं हलवताना हेच करायचा. यात चमत्कार नाही, कसब आहे."

"विधवेचं मन आहे, भरकटतं," कादंबरीकार गर्दीला समजावू लागला. "आत्मे कधी कधी परीक्षा..."

"मग डबी हातात घ्या आणि उभे राहा. तुम्हालाही दाढी येईल."

तो दोन पावलं मागे सरकला. लोक हसले. भिंतीच्या दारातून बहीण बाहेर आली, अजून जाळीची टोपी घातलेलीच.

"ताई, तू वर्षभर हसली नव्हतीस. तुला बरं वाटावं म्हणून मी त्यांना तुझं ते वाक्य सांगितलं."

"आणि माश्या?"

"पुस्तक गाजलं की हे आणि मी लग्न करणार होतो," ती खाली बघत म्हणाली.

"ते मी फक्त तुझ्याजवळ बोलले होते," ताई म्हणाली. आवाज चढला नाही, पण बहिणीने धरलेला हात तिने सोडवून घेतला. मग ती पाववाल्याकडे वळली. "उद्या डॉक्टरांकडे जा. गोळ्या पुन्हा सुरू करा."

कुणीतरी चुकचुकत म्हणालं, "पण बाई, त्या माफीने तुम्हाला बरं वाटलं होतं ना?"

"वाटलं होतं. म्हणून तर मी कुणाला काही विचारलं नाही. माझा माणूस गेला. त्याने मला माफ केलं असतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. ते मी सोसेन. तुमच्याकडे कुणी तुमच्या मेलेल्या माणसाचा आवाज घेऊन आला, तर रडायच्या आधी एवढंच विचारा, हे याला सांगितलं कुणी?"